वायर कोणीच हलवली नव्हती

यवतमाळात मी सी भाषेचे वर्ग घ्यायचे तेव्हा दर बॅचला एक गोष्ट सांगायचे. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी प्रोग्राम लिहिला होता, त्यात चूक कशी लपून बसली होती आणि मी ती कशी पकडली, अशी ती गोष्ट. पोरं हसायची. मीही हसायचे. वर्षानुवर्षं सांगून ती इतकी घोटीव झाली होती की कुठे थांबायचं आणि कुठे खडू उचलायचा, सगळं ठरलेलं. त्या गोष्टीत एक बाई होती. ती तेवढी मी गाळून टाकली होती.

या दिवाळीत नात आली. ती इंजिनिअरिंगला आहे. तिला नेमका तोच धडा होता, सिग्नल हँडलरचा. सरांनी दोन ओळी लिहायला सांगितल्या होत्या आणि त्या कशासाठी हे सांगायचं राहून गेलं होतं. मी खूश. गोष्ट काढली, अगदी खडूसकट. नात शेवटपर्यंत हसली नाही. तिनं एवढंच विचारलं की आजी, ती चूक सापडेपर्यंत सगळे चूक कोणाची म्हणत होते?

वर्गातल्या एकाही पोरानं हे कधी विचारलं नव्हतं. मग मी तिला बाई सांगितली. तिनं ऐकून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "तू जाऊन सांगितलंस तिला?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि उठून गेली. आजकालच्या पोरींचं हे 'बरं' फार वाईट. त्यापेक्षा थोबाडीत मारावी.

तर आता पूर्ण गोष्ट लिहिते, बाईसकट.

आधी माझं ध्यान सांगते. चाळिशी आली नव्हती, पण मान चाळीस वर्षं कोणी वाकवली नसल्यासारखी ताठ. जिल्ह्यात सी येणाऱ्या बायका किती, हे मी बोटांवर मोजायचे आणि पहिल्या बोटावरच थांबायचे. पर्समध्ये जाडं पुस्तक. ते वाचायला नव्हतं, एसटीत मांडीवर ठेवायला होतं. शेजारच्या बाईनं विचारलं की हे कशाचं, की मी म्हणायचे, तुम्हाला नाही समजणार. एकदा एक म्हातारी म्हणाली, "मले नाही समजत म्हणूनच विचारून राह्यली ना बाई." मला तेव्हा ते बोलणं अडाणी वाटलं होतं. आता वाटतं, त्या एसटीत तेवढी एकच बाई शिकलेली होती.

दिग्रसच्या त्या जिनिंगच्या शेठजींनी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. कापसातून सरकी निघाली की उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, गाठ काट्यावर ठेवतात, वजन लिहितात. पूर्वी ते मुनीम खडूनं लिहायचे. आता काट्यातून एक वायर निघून कॉम्प्युटरला जायची, माझा प्रोग्राम वजन वाचायचा आणि गाठीचा नंबर नि वजन छापलेलं स्टिकर बाहेर यायचं. चालवायला एक बाई ठेवली होती.

ती जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. बारावी झालेली, तिशीची. तिच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घातला, पुढे शेती केली. खुर्चीवर बसून काम करणारी त्या तांड्यातली ती पहिलीच बाई. सासूनं परवानगी दिली होती, पण एका अटीवर. बाहेरून एक जरी बोल आला, तरी घरी बसायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही. हे मला तिनंच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, कळफलकावर बोट कसं ठेवायचं ते शिकताना. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी माहीत नसल्यासारखी वागले.

ती कामाला चोख होती. इतकी की मला जरा रागच यायचा. प्रेसमधून आलेल्या गाठीचं बारदान तेलकट असायचं, त्यावर चिकटवलेलं स्टिकर गोदामापर्यंत टिकत नसे. हे तिनं आठ दिवसांत ओळखलं आणि स्वतःच तोड काढली. एक स्टिकर गाठीला चिकटवायचं, मग पुन्हा बटण दाबून त्याच गाठीचं दुसरं काढायचं आणि ते गाठीच्या लोखंडी पट्टीखाली खोचायचं. एक पडलं तरी दुसरं राहायचं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पाळीतला माणूस एकच काढायचा, आणि पडलं तर पडलं.

मग पडदा लाल व्हायला लागला.

दिवसातून दोनदा, तीनदा. प्रोग्राम थांबायचा आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात यायचं: ऑपरेटरने वायर हलवली. मुनिमांनी येऊन आपला परवलीचा शब्द घातल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. तोवर प्रेस थांबलेली, हमाल पाय पसरून बसलेले, आणि मुनीम ऑफिसातून धोतर सावरत येताना वाटेतच बोलायला सुरुवात करायचे. दुसऱ्या पाळीत हे कधीच व्हायचं नाही. फक्त तिच्याच.

ते वाक्य मीच लिहिलेलं. 'काट्याशी संपर्क तुटला' असं लिहिता आलं असतं. प्रत्येक बिघाडाला आत एक आकडा येतो, तो तसाच दाखवता आला असता. पण मला वाटायचं, शेठजींना आकडा काय कळणार, त्यांना माणूस दाखवावा. म्हणून मी ओळखीचे दोन-चार आकडे वगळले आणि बाकी काहीही आलं तरी एकच वाक्य ठेवलं. मला न समजलेली प्रत्येक गोष्ट ऑपरेटरची चूक. असा साधा, सोपा, सुटसुटीत विचार. यावर मी त्या वेळी स्वतःची पाठ थोपटली होती.

शेठजींचा निरोप आला, मी एसटीनं गेले. बाई उभी राहिली. मुनीम, प्रेसचा मिस्त्री, आठ-दहा हमाल, सगळे भोवती. तिनं मला जे सांगितलं ते मी अक्षरशः देते, कारण पुढची वीस वर्षं मी ते विसरण्याचा सराव केला आणि तो काही जमला नाही.

"मॅडम, मी वायरले हातच लावत नाही. पाह्यलं मी, दुसरं स्टिकर निघते ना, तवाच होते थे. पह्यल्याले कधी होत नाही."

रोगाचं नाव, जागा, वेळ, सगळं तिनं त्या दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. चांगला प्रोग्रामर असता तर तिथेच खुर्ची ओढून बसला असता. पण तिथे मी होते.

मी म्हटलं, "स्टिकरचा आणि काट्याच्या वायरीचा काय गं संबंध? उद्या म्हणशील, मी शिंकले म्हणून काटा बंद पडला."

हमाल हसले. मिस्त्री तर प्रेसला हात टेकून हसला. मला फार बरं वाटलं. आमच्याकडं माणसाला लोक हसायला लागले की त्याची बाजू आपोआप खोटी ठरते, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ते वापरलं.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मला पुरावा हवा होता. मी म्हटलं, आपण चाचणी घेऊ. तिचा पदर वायरीत अडकत असेल म्हणून तो कमरेला खोचायला लावला. हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या, त्या मागे सारून वर सुतळी बांधायला सांगितली. खुर्ची वायरीपासून हातभर मागे घेतली आणि मिस्त्रीकडून जमिनीवर खडूची रेघ मारून घेतली. या रेघेच्या पुढे पाय आला तर सांगा, असं मी हमालांना सांगितलं. सगळी व्यवस्था झाल्यावर मी तिच्या मागे हात बांधून उभी राहिले.

पहिल्या गाठीला तिनं सवयीनं दुसरं स्टिकर काढायला बोट पुढे केलं. मी तिच्या बोटावर चापट मारली. म्हटलं, "कागद वाया घालवू नको. एकच काढ."

दोन तास मी उभी होते. तिनं एकेकच स्टिकर काढलं. पडदा एकदाही लाल झाला नाही.

"पाहा," मी मुनिमांना म्हटलं, "मी मागे उभी असले की वायर बरी हलत नाही."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं की मी आताच चाचणीतून रोगच काढून घेतला आणि रोगी खोटारडा ठरवला. मला कळायला वर्ष लागलं. शिकलेली मी होते ना.

संध्याकाळी तिला काढलं. शेठजी आतच बसून होते, मुनिमांनीच फाटकापाशी जाऊन सांगितलं. ती डबा घेऊन निघाली तेव्हा एक हमाल मागून म्हणाला, "ओ वायरवाली, घरची वायर तं हलवू नको." पुन्हा सगळे हसले. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. शेठजींनी कचोरी मागवली होती. मी दोन खाल्ल्या. चिंचेची चटणी चांगली होती, ती मी आणखी मागून घेतली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नाही तर वाचणाऱ्याला वाटेल, मला तेव्हा काहीतरी टोचलं असेल. काही टोचलं नाही.

पुढच्या हंगामात तिच्या जागी शेठजींचा भाचा बसला. तो एकच स्टिकर काढायचा. पडदा शांत. शेठजी म्हणाले, माणूस बदलला की मशीन सुधारते. मी मान हलवली. पण गोदामात बिननंबरी गाठी साचल्या. कोणती कितीची, पत्ता लागेना. हमालांनी गळून पडलेली स्टिकरं उचलून हाती लागेल त्या गाठीला चिकटवली आणि सगळा घोळ झाला. तेव्हा म्हाताऱ्या मुनिमांना आठवलं की ती बाई दोन दोन काढायची. शेठजींनी भाच्याला हुकूम केला, तूही दोन काढ.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या पाळीत तीनदा पडदा लाल झाला. ऑपरेटरने वायर हलवली.

आता गंमत पाहा. भाच्यानं वायर हलवली असं एकही माणूस म्हणाला नाही. मुनीम नाही, मिस्त्री नाही, हमाल तर नाहीच. पडद्यावर तेच वाक्य, तीच अक्षरं, पण या वेळी सगळे म्हणाले, प्रोग्राम बिघडला. आणि मला बोलावणं आलं.

मी गेले, आणि पहिल्यांदाच माझा स्वतःचा प्रोग्राम दुसऱ्या कोणी लिहिला असावा तसा वाचला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सापडलं.

समजायला कठीण नाही. घरात एकच पाटी टांगलेली आहे असं समजा. घरातलं कोणतंही काम फसलं की करणारा त्या पाटीवर आपला आकडा लिहितो, आणि विचारणारा तो वाचून पुढचं ठरवतो. सीमध्ये त्या पाटीला एररनो म्हणतात. माझा प्रोग्राम काट्याला सारखा विचारायचा, वजन आलं का? गाठ अजून चढली नसली की पाटीवर अकरा यायचे. अकरा म्हणजे अजून नाही, पुन्हा विचार. तसं तो पुन्हा विचारायचा. यात काही बिघाड नव्हता.

स्टिकर छापायला माझा प्रोग्राम एक लेकरू सोडायचा. खरंच तसंच म्हणतात, एक काम दुसऱ्याला जन्म देतं. लेकराचं छापून झालं की ते हाक मारतं. तो सिग्नल. हाक आली की प्रोग्राम हातातलं काम जिथल्या तिथे, वाक्याच्या मध्यावर, सोडतो आणि हँडलर नावाच्या छोट्या तुकड्याकडे धावतो. माझा हँडलर लेकराला जवळ घ्यायचा आणि आणखी कोणी राहिलं का, म्हणून एकदा विचारायचा. कोणी राहिलेलं नसायचं. तेव्हा पाटीवर दहा यायचे. दहा म्हणजे वाट पाहावी असं लेकरू उरलं नाही. हेही खरंच, यातही काही बिघाड नव्हता.

पण पाटी एकच. काट्यानं तिच्यावर अकरा लिहिले, प्रोग्राम ते वाचायला वळणार, तेवढ्यात हाक आली. हँडलर धावत आला, त्यानं आपले दहा लिहिले आणि निघून गेला. प्रोग्राम परत आला आणि त्यानं दहा वाचले. त्याला वाटलं, काट्यानंच लिहिले. दहा ओळखीचे नव्हते. आणि ओळखीचं नाही ते सगळं ऑपरेटरच्या माथी.

पहिलं स्टिकर निघताना प्रोग्राम काट्याशी बोलतच नसे, म्हणून काही व्हायचं नाही. दुसरं निघायचं तेव्हा तो पुढच्या गाठीसाठी काट्याला विचारण्यात गुंतलेला असायचा. आणि काट्याला विचारणं नि पाटी पाहणं यांच्या मधल्या वेळात मी प्रोग्रामला उगाच मेमरीतली जागा साफ करायला लावलं होतं, त्यामुळे फट आणखी रुंद झालेली. शंभरात एक-दोनदा हाक नेमकी त्या फटीत यायची. दीडशे गाठींत दोन-तीनदा. सगळं जुळत होतं. तवाच होते थे, ती म्हणाली होती.

हँडलरमधून पडद्यावर काही छापायचं नसतं, त्यात जड काम करायचं नसतं, हे मला येत होतं. ते मी पाळलंही होतं आणि त्याचाच माज होता. फक्त एवढं करायचं राहिलं होतं: आत येताना पाटीवर काय आहे ते पाहून ठेवायचं, आणि जाताना जसं होतं तसं परत लिहून जायचं. दोन ओळी. पाहुणासुद्धा दुसऱ्याच्या घरी जाऊन चपला जागच्या जागी ठेवतो. माझ्या हँडलरला तेवढंही वळण नव्हतं. कोणावर गेला होता, ते सांगायला नको.

मी दोन ओळी घातल्या. भाच्यानं संध्याकाळपर्यंत दोन दोन स्टिकरं काढली, पडदा शांत राहिला.

शेठजींनी विचारलं, काय निघालं?

इथे मी खरं बोलू शकत होते. फाटकापासून तांडा सहा-सात किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ती खुर्चीवर असती. मी काय म्हटलं ते ऐका. मी म्हटलं, "वायर जुनी झाली होती. बदलली."

आणि खरंच एक नवी वायर लावली, शोभेला. आधी चूक माणसावर घातली होती, आता वायरीवर घातली. माझ्यावर घालायला कुठे जागाच उरली नाही. मुनीम म्हणाले, "त्या बाईनंच हलवू हलवू खराब केली असन." मी चहा पीत होते.

त्यानंतर एकदा ती मला दिग्रसच्या बाजारात दिसली. डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं होतं. मी दुसऱ्या गल्लीत वळले. त्या गल्लीत फक्त बांगड्यांची दुकानं होती. उभं राहायला कारण हवं म्हणून मी डझनभर बांगड्या घेतल्या. अजून आहेत. कधी घातल्या नाहीत.

नातीचं ते 'बरं' ऐकल्यावर मी महिनाभर टाळाटाळ केली. गुडघे दुखतात म्हटलं, थंडी आहे म्हटलं. मग एका सोमवारी एसटीत बसले. मांडीवर पुस्तक नव्हतं, डब्यात तिळाचे लाडू होते. माफी मागायला जाताना लाडू न्यावेत की नाही, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. दिग्रसला ऑटो केला. ऑटोवाल्याला तांडा सांगितला, तिचं नाव सांगितलं, त्याला कळेना. मग मी तिचं वय सांगितलं, जिनिंगमध्ये होती म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, वायरवाली काकू का."

हा पोरगा तेव्हा जन्मलाही नसेल.

ती अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे. मला तिनं लगेच ओळखलं, आणि झोडपणं थांबवलं नाही. ओसरीत खाटेवर तिची सासू बसली होती, फार म्हातारी. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पाटी सांगितली, अकरा आणि दहा सांगितले, दुसऱ्या स्टिकरबद्दल ती म्हणाली ते अगदी बरोबर होतं असं सांगितलं. भाच्याचं सांगितलं. नवी वायर लावली तेही सांगितलं.

तिनं सासूला त्यांच्या गोरबोलीत काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. काय ते मला कळलं नाही, पण कोणावर ते कळलं. मला वीस वर्षांपूर्वीचा मिस्त्री आठवला, प्रेसला हात टेकून हसणारा.

मग ती म्हणाली, "हे तुमी कोणाकोणाले सांगतलं?"

"तुला. आताच."

"मले तं माहीतच होतं. मी वायर हलवली नव्हती हे मले नाही माहीत तं कोणाले राहीन? ज्याले माहीत नाही त्याले सांगा ना."

शेठजी वारले होते, जिनिंग बंद पडून तिथे गोदाम झालं होतं. मिस्त्री कुठे गेला कोणाला माहीत नव्हतं. मी हे सगळं तिला सांगायला लागले. सबबी माझ्या तोंडी फार चांगल्या येतात. तिनं मधेच तोडलं.

"मुनीम आहे. बसस्टँडजवळ लेकाच्या किराण्यावर बसते. मी साखर घ्याले गेली का थो चार लोकांत म्हणते, वायरवाली आली, काटा सांभाळा. माह्या पोराच्या सोयरिकीच्या वक्ताले पाव्हण्यापुढंही म्हणे. त्याले सांगा. चार लोक असतीन तवा सांगा. अन् थो काय म्हणते थे मले फोनवर सांगा. जसं म्हणन तसंच."

लाडवाचा डबा तिनं घेतला नाही. सासूनं घेतला.

मुनीम गल्ल्यापाशी बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मला पाहून त्यांना आनंद झाला. बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या बाईनं वायर हलवली नव्हती. चूक माझ्या प्रोग्रामची होती. मी खोटं बोलले होते.

गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. मुनिमांनी मान डोलवत सगळं ऐकलं. मग ते मायेनं हसले.

"मॅडम, तुमचं मन लय मोठं आहे. गरिबाच्या बाईसाठी तुमी आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या. पण मी काय आंधळा होतो का? मी सोता वाचलं, एकदा नाही, पन्नासदा. ऑपरेटरने वायर हलवली. लाल अक्षरात लिहून येत होतं."

"ते मीच लिहिलं होतं," मी म्हटलं.

"तुमी कशा लिहान? तुमी तं यवतमाळात होत्या. मशीननं लिहिलं. मशीन काहून खोटं बोलन?"

गिऱ्हाइकांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, बरोबर आहे काका. मी पाटी सांगायला लागले, हँडलर सांगायला लागले. ते चहा पुढे सरकवत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमाले या वयात एवढं आठवत नसन. घ्या, थंडा होईन."

बसस्टँडवर बाकावर बसून मी फोन लावला. वाटेत ठरवलं होतं की म्हणावं, पटलं त्यांना. कोणाचं काय बिघडलं असतं? तिला बरं वाटलं असतं, मला घरी जाता आलं असतं. पलीकडून तिनं विचारलं, "काय म्हणे?" मी तोंड उघडलं. आणि मग जसं ते म्हणाले होते तसंच, शब्दन् शब्द सांगितलं. मशीन काहून खोटं बोलन, इथपर्यंत.

मागे तूर झोडपल्याचा आवाज येत होता, म्हणजे तिचा हात चालूच होता.

"बरं," ती म्हणाली. "मंग पुढच्या सोमवारी पुन्हा जा."

ही तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. मी दर सोमवारी जाते. मुनिमांना वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं आहे. ते स्टूल पुढे करतात, चहा सांगतात आणि नाही म्हणतात. गिऱ्हाइकांना आता माझी वेळ पाठ झाली आहे. काही जण मुद्दाम तेव्हाच साखर घ्यायला येतात, आणि मी आले की एकमेकांना कोपरानं ढोसतात. परवा एक बाई मला पाहून म्हणाली, "आली पाहा, वायरवाली आजी." सगळे हसले.

हेही मी फोनवर सांगितलं, जसं झालं तसं. ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना हसली. बराच वेळ हसली. मग पुढच्या सोमवारचं सांगून तिनं फोन ठेवला.